येरळेच्या पुरात गेलं किती आणि कागदावर आलं किती?

पूर ओसरला की आपल्याकडं पहिला फोन तलाठी भाऊसाहेबांना जातो. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठी तो तलाठीच.) "भाऊसाहेब, पंचनाम्याला कधी येताय?" दुसरा प्रश्न चहाच्या टपरीवर, "हेक्टरी किती देणार म्हणे?" या दोन प्रश्नांच्या मधला प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. आपलं नक्की गेलं किती?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण येरळेच्या किंवा तिला मिळणाऱ्या कुठल्याही ओढ्याच्या काठाला ज्यांचं रान, घर, गोठा, दुकान आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

पूर आणि खटाव तालुका हे दोन शब्द एकत्र आले की बाहेरच्या माणसाला हसू येतं. आपली ओळख दुष्काळी. टँकर किती, छावणीत जनावरं किती, टंचाई आराखडा किती लाखांचा, हे हिशोब आपल्याला पाठ आहेत. कारण ते आपण पिढ्यानपिढ्या केलेत. पुराचा हिशोब करायची सवयच नाही. त्यामुळं पाणी येऊन गेलं की आपण साहेब लिहितील ते खरं मानतो आणि सही करून मोकळे होतो.

तर आधी हे समजून घ्या की सरकारी यादीत जो आकडा असतो तो नुकसानीचा नसतोच. तो मदतीचा असतो. बाधित क्षेत्र गुणिले हेक्टरी दर, एवढंच ते गणित. त्याची 'निधी मागणी' होऊन ती वर जाते, आणि बातमीत येताना 'तालुक्यात अमुक कोटींचं नुकसान' अशी होऊन येते. शासनाच्या कागदात तर स्पष्ट शब्द आहे, निविष्ठा अनुदान. म्हणजे पुढचं पीक उभं करायला बी-खताला थोडा हातभार. शासन त्याला भरपाई म्हणत नाही. भरपाई आपण म्हणतो, पुढारी म्हणतात, आणि मग तीच नुकसान म्हणून डोक्यात बसते.

हा दर कसा हलतो ते बघा. २०१५ पासून केंद्राच्या निकषात जिरायतीला हेक्टरी ६,८०० रुपये होते. २०२२ ला ते ८,५०० झाले, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५००. त्याच वर्षी राज्यानं जुना दर दुप्पट करून जिरायतीला १३,६०० दिले आणि दोन हेक्टरची मर्यादा तीन केली. मे २०२५ ला परत ८,५०० आणि दोन हेक्टर. मग सप्टेंबरला मराठवाडा पाण्याखाली गेला, आणि ऑक्टोबर २०२५ ला ३१,६२८ कोटींचं पॅकेज आलं. त्यात रब्बीच्या बियाण्यासाठीचे १०,००० धरून जिरायतीला १८,५००, आणि मर्यादा पुन्हा तीन हेक्टर.

आता सांगा, एक हेक्टर बाजरी बुडाली तर नुकसान किती? २०२१ ला एक उत्तर, २०२३ ला दुसरं, जून २०२५ ला तिसरं, ऑक्टोबरला चौथं. बाजरी तीच, पाणी तेच, शेतकरीही तोच. बदलली ती मंत्रालयातली फाईल. अशा आकड्याला नुकसानीचा अंदाज म्हणायचं का?

हेक्टरचा आकडा ऐकायला मोठा वाटतो, म्हणून तो गुंठ्यावर आणून बघा. हेक्टरी ८,५०० म्हणजे गुंठ्याला साधारण ८५ रुपये. बागायतीला १७०. बारमाही पिकाला २२५. (क्षेत्र फारच लहान असेल तर एक किमान रक्कम ठरलेली असते, ती बाजूला ठेवू.) वडूजच्या बाजारात ८५ रुपयांत काय येतं ते मी लिहायला नको.

बटाट्याचं उदाहरण घेऊ. पुसेगाव पट्ट्यातला बटाटा सगळ्यांना माहितीय. एकराला साधारण सात क्विंटल बेणं लागतं. क्विंटलला ३,००० धरले तर नुसतं बेणं २१,००० रुपयांचं. तुमचा दर वेगळा असेल तर तो घाला. खत, नांगरट, सरी, लावणीची मजुरी, फवारणी यातलं काहीच मी धरलेलं नाही. आणि मूळ निकषानं हातात येणार एकरी ३,४०० रुपये, बागायत लागली तर ६,९०० च्या आसपास. पहिल्या हिशोबात बेण्याचा सहावा हिस्सा, दुसऱ्यात तिसरा. आल्याच्या प्लॉटचा हिशोब तर मी मांडतच नाही. ज्यांनी आलं केलंय त्यांना तो झोपेतसुद्धा येतो.

हे झालं पिकाचं. पीक एका हंगामाचं असतं, पुढच्या हंगामात परत उभं राहतं. माझ्या मते खरा घोटाळा मातीच्या हिशोबात आहे, आणि ओढ्याकाठचं निम्मं नुकसान मातीचं असतं.

सांगलीत कृष्णेचा पूर येतो तेव्हा पाणी चढतं, थांबतं, कुजवतं आणि गाळ टाकून जातं. ओढ्याचा पूर तसा नाही. तो धावत येतो. दोन-तीन तासांत बांध फोडतो, काठ कापतो, वरची काळी माती घेऊन जातो आणि बदल्यात वाळू-गोटे टाकतो. सकाळी शेतकरी जातो तर रानात मुरूम दिसतो. पाणी कुठंच नसतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काही झालंच नाही.

आता ब्रासचा हिशोब करा. बांधकामवाल्यांना तो तोंडपाठ असतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट. एका एकरावरची एक इंच माती म्हणजे ३६ ब्रास. एक फूट माती गेली तर ४३५ ब्रास. एकर सोडा, ओढ्यानं काठाचे फक्त १० गुंठे फूटभर खरवडले असं धरू. १०९ ब्रास माती गेली. अडीच ब्रासचा टिपर धरला तर ४३-४४ खेपा. ब्रासला भाड्यासकट १,००० रुपये धरले तर एक लाख नऊ हजार. जेसीबीनं पसरायचे पैसे वेगळे. आणि ती माती कुठून आणणार हा प्रश्न तर उरतोच, कारण कुणीतरी आपलं रान किंवा तळं खणल्याशिवाय ती येत नाही.

मूळ निकषात जमीन खरडून गेली तर हेक्टरी ४७,००० आहेत, तेही अल्प आणि अत्यल्प भूधारकाला. १० गुंठ्याला झाले ४,७००. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये त्यावर रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांची जोड दिली. ती चांगली गोष्ट झाली, म्हटलं पाहिजे. तरी १० गुंठ्याला सगळे मिळून ३४,७०० होतात. लाखाच्या खड्ड्यात एक तृतीयांश. आणि ती जोड त्या वेळच्या पॅकेजची. मराठवाड्याएवढी मोठी आपत्ती झाली म्हणून ती मिळाली. उद्या एकट्या येरळेला पूर आला, चार गावांचे काठ गेले, तर आपल्यासाठी कोण पॅकेज काढणार? मोठ्या पुराला मुख्यमंत्री येतात, ओढ्याच्या पुराला मंडल अधिकारी येतात. त्यात त्यांचाही दोष नाही.

विहिरीचंही तसंच. गाळानं बुजलेल्या विहिरीला त्या पॅकेजमध्ये ३०,००० धरले. त्याआधी निकषांच्या तक्त्यात विहिरीला वेगळी ओळच नव्हती. मोटार, स्टार्टर, पेटी, पाइप, ठिबकच्या नळ्या यांचं पंचनाम्यात वर्णन होतं, 'वाहून गेले' असा शेरा पडतो, पण शेऱ्यापुढं रुपये पडत नाहीत. शेळी वाहून गेली तर ४,००० आहेत, दुभत्या जनावराला ३७,५००. पण ओढ्यानं नेलेलं जनावर कुठं सापडणार? सापडलं नाही तर शवविच्छेदन कशाचं करणार? तिथं पुराव्यासाठी माणूस दहा ठिकाणी फिरतो. आणि जो खंडानं किंवा वाट्यानं रान करतो त्याचं तर सातबाऱ्यावर नावच नाही. बेणं त्याचं बुडतं, पैसे मालकाच्या खात्यावर जमा होतात. मालक भला असेल तर देतो.

ओढ्याच्या पुराची आणखी एक अडचण म्हणजे वेळ. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडालेलं असताना मोफत धान्याच्या शासन निर्णयात 'दोन दिवस पाण्याखाली' अशी अट होती आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. अशा अटी पुढं त्या-त्या वेळी शिथिलही झाल्या. पण अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर पूर म्हणजे काय होतं, ते त्यातून कळतं. संथ, रुंद, दिवसच्या दिवस थांबणारं पाणी. ओढ्याचं पाणी रात्री अकराला घरात शिरतं आणि पहाटे तीनला निघून जातं. तेवढ्यात धान्य भिजतं, फ्रीज जातो, पोरांची दप्तरं जातात, भिंतीचा पाया खचतो. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं काय केलं ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. तिथं कुठली मोठी नदी नव्हती. कात्रजकडून शहरात येणारा एक ओढा, आणि काही तासांचा खेळ. माणसं गेली.

दुसरी अडचण पावसाच्या आकड्याची. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर. पुराला नियमात वेगळी जागा आहे, पण चर्चा सगळी ६५ वर अडते. आता येरळेचं बघा. पाणलोट वरती, नेर, बुध, पुसेगावच्या बाजूला. पाऊस तिकडं पडतो, पाणी इकडं येतं. वडूजच्या यंत्रात समजा २० मिलिमीटरच नोंदले गेले, तरी नदी पात्राबाहेर असू शकते. "तुमच्या मंडळात अतिवृष्टी नाही" हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर, आणि नदीकाठच्या माणसाला निरुपयोगी.

विम्याचा आधार होता म्हणावं तर २०२५ च्या खरिपापासून राज्यात स्थानिक आपत्तीचा भाग योजनेतून निघाला. आता सगळं पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळाच्या सरासरीवर. ओढ्याचा पूर काठाची दोनशे-तीनशे फुटांची पट्टी मारतो. बाकी मंडळात पीक झकास असेल तर सरासरीत ती पट्टी दिसणारच नाही. उलट चांगल्या पावसाचं वर्ष म्हणून नोंद होईल.

आता एक नाजूक मुद्दा. जिहे-कठापूरचं, म्हणजे आता ज्याला गुरुवर्य लक्ष्मणराव इनामदार उपसा सिंचन योजना म्हणतात तिचं पाणी नेर तलावात आलं. कृष्णेचं पाणी येरळेच्या खोऱ्यात. यासाठी लोकांनी आयुष्य घालवलंय, आणि या पाण्यावर माझा काडीचाही आक्षेप नाही. पण गणित बदललंय हे मान्य करायला काय हरकत आहे? पूर्वी आपले तलाव पावसाळ्याच्या तोंडाला कोरडे असायचे. पहिले दोन-तीन मोठे पाऊस ते गिळून टाकायचे. आधीच भरलेला तलाव काही गिळत नाही, आलेलं पाणी जवळपास तसंच सांडव्यावरून पुढं पाठवतो. त्यात परतीचा पाऊस ऑक्टोबरात, आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे घालायची वेळही ऑक्टोबरचीच. बरगे बसलेत आणि वरून लोंढा आला तर पाणी बंधाऱ्याच्या बगलेतून वाट काढतं. बंधारा उभा राहतो, शेजारचं रान जातं. तलाव किती भरलेला ठेवायचा, बरगे कोणत्या तारखेला घालायचे, हे ठरवताना काठाला असलेल्या रानाची किंमत कुणी तरी धरायला नको का? ती धरायची तर आधी ती माहिती पाहिजे.

म्हणूनच मी या आकड्याच्या मागं लागलोय. मदत वाढवून मागणं हा त्यातला लहान भाग. मोठा भाग पुढचा आहे. पुलाची उंची, मोरीचा व्यास, पूरसंरक्षक भिंत, ओढ्याचं सरळीकरण, यातल्या प्रत्येक प्रस्तावात एक प्रश्न असतो. खर्च इतका, मग वाचणार किती? 'वाचणार' या रकान्यात आपण हेक्टरी ८,५०० चा आकडा घातला तर दोन कोटींची भिंत कधीच परवडणार नाही. प्रस्ताव गुमान परत येतो. मातीचा, विहिरीचा, मोटारीचा, घरातल्या सामानाचा, दुकानाच्या मालाचा, बंद रस्त्यामुळं डेअरीला न गेलेल्या दुधाचा खरा आकडा घातला, तर कदाचित परवडेल. कदाचित तरीही परवडणार नाही, आणि मग तिथं प्लॉटिंगच होऊ द्यायचं नाही हा स्वस्त उपाय निघेल. दोन्ही उत्तरं चालतील, पण ती खऱ्या आकड्यावरून काढलेली हवीत. जलसंपदा खात्याच्या निळ्या आणि लाल रेषा असतात, साधारण २५ वर्षांतून आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या. मोठ्या शहरांत त्यावरून भांडणं होतात. आपल्याकडं ओढ्यात भराव टाकून प्लॉट पडतात तेव्हा ही रेषा कुठून जाते हे विचारायची पद्धतसुद्धा नाही.

बाहेर हे काम कसं करतात? इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकातच तक्ते तयार झाले. अमुक प्रकारचं घर, त्यात इतके फूट पाणी, तर इतकं नुकसान. सगळा हिशोब पाण्याच्या उंचीवर. केरळनं २०१८ च्या महापुरानंतर संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांबरोबर सविस्तर पाहणी केली. मोडलेल्या वस्तू एका रकान्यात, बुडालेलं उत्पन्न दुसऱ्या रकान्यात, आणि परत उभं राहायला लागणारा पैसा तिसऱ्यात. नुकसान २६ हजार कोटींच्या पुढं निघालं आणि उभारणीची गरज ३१ हजार कोटींच्या आसपास. यातून कळतं की झालेलं नुकसान आणि उभं राहायचा खर्च हे आकडेच वेगळे आहेत. आपल्या पंचनाम्यात तिन्ही रकाने नाहीत. पाण्याची उंचीही नाही. पीक ३३ टक्क्यांच्या वर गेलं की नाही, एवढा एकच प्रश्न. ३० टक्के गेलं तर काही गेलंच नाही, असा त्याचा अर्थ.

सांगलीतलं शाळकरी पोरगंसुद्धा आयर्विन पुलाची पातळी फुटात सांगतं. धोका ४५ ला, आणि २०१९ ला ५७ फूट ओलांडले. येरळेच्या पुलाला गेल्या मोठ्या पुरात पाणी कुठवर होतं, सांगा बरं? "लय होतं" या पलीकडं उत्तर येत नाही. आणि हीच येरळा पुढं ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. तिकडं फुटात मोजतात, इकडं 'लय'मध्ये.

एक दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. यादीत खोटी नावं शिरतात. पुराचं पाणी माळावर चढत नाही, पण यादीत चढतं. काठाला रान नसलेला माणूस ओळखीच्या जोरावर बसतो आणि काठावरचा राहून जातो. एका तलाठ्याकडं दोन-तीन सजे, चार दिवसांत शेकडो पंचनामे, त्यात प्रत्येकाचा फोन आणि प्रत्येकाचा पुढारी. तो माणूस जागेवर जाऊन पाण्याची उंची मोजेल ही अपेक्षा मी ठेवत नाही. हे काम आपलं आपल्यालाच करायला लागणार.

काय करता येईल? नगरपंचायतीनं आणि काठाच्या ग्रामपंचायतींनी शासनाच्या यादीबरोबर स्वतःची एक यादी ठेवावी. एका रकान्यात निकषाप्रमाणे रक्कम, शेजारी खरा खर्च. यादीचं चावडी वाचन व्हावं, म्हणजे माळावरची नावं आपोआप गळतात. सगळ्यांसमोर खोटं बोलणं अवघड जातं. खंडानं करणाऱ्याचं नाव शेऱ्यात तरी यावं. दोन्ही आकडे तहसीलला पाठवावेत. मदत निकषानंच मिळेल, हे कळतंय. पण पुढच्या वर्षी पुलाचा प्रस्ताव करताना दुसरा आकडा हाताशी असेल.

आणि तुम्ही? पूर यायच्या आधी, म्हणजे आत्ताच, विहिरीचा, मोटारीच्या पेटीचा, काठाच्या बांधाचा एक-एक फोटो काढून ठेवा. पूर गेल्यावर त्याच जागेवरून परत काढा. फोटोत शेजारचं झाड किंवा खांब यायला हवा, नुसत्या चिखलाचा फोटो कुठल्याही गावाचा असू शकतो. मोटारीची, पाइपची बिलं डब्यात घालून माळ्यावर ठेवा, पेटीत नको. किती खेपा माती टाकली ते डायरीत लिहा, टिपरवाल्याची सही घ्या. जनावर गेलं तर सापडायची वाट न बघता त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या.

आणि पाणी जिथवर आलं तिथं खूण करा. घराच्या भिंतीवर, मंदिराच्या ओट्यावर, लाईटच्या खांबावर, पुलाच्या कठड्यावर. एक आडवी रेघ, खाली तारीख आणि वेळ. चुना नको, तो पुढच्या पावसात जातो. ऑइलपेंट वापरा. ज्यांनी जुन्या पुराच्या अशा खुणा कुठं बघितल्या असतील, भिंतीवर कुणा म्हाताऱ्यानं कोरलेल्या असतील, त्यांनी खाली कॉमेंटमध्ये गाव आणि जागा लिहा. मी टेप घेऊन येतो.